अडतीस डब्या आणि एक म्हैस

माझ्या वडिलांना मी वकील व्हायला हवा होतो. आईचं म्हणणं सोपं होतं: काय व्हायचं ते हो, फक्त शेण घरात आणू नकोस. मी दोघांचंही ऐकलं नाही. कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं, पदवी मिळवली, आणि दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत म्हशींच्या शेणावर संशोधन करू लागलो. प्रबंधाच्या मथळ्यात शेण नव्हतं. तिथे म्हशीच्या यकृतात राहणाऱ्या चपट्या कृमींचं जीवनचक्र वगैरे भारदस्त भाषा होती. पण लोक विचारायचे, मी आडवळणाने सांगायचो, आणि शेवटी समोरचा माणूस म्हणायचाच, "म्हणजे शेणावर!"

एम.एस्सी. तेव्हा प्रबंध लिहून मिळे. ती झाली तर पुढे पीएच.डी., जी आमच्या विद्यापीठात इतकी नवी होती की ती नेमकी कशाशी खातात हे आम्हाला मार्गदर्शन करणाऱ्या सरांखेरीज फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. शिष्यवृत्ती दोन वर्षांची होती आणि वडिलांनी दिलेली मुदतही तेवढीच. दोन वर्षांत पदवी मिळाली नाही तर रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी, असं आमचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे वडिलांनी ठरवलं होतं. ते तळेगावात शाळामास्तर होते आणि घरातही शाळा सुटलेली नसे.

कृमीची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. हा किडा पेरूच्या कोवळ्या पानासारखा चपटा असतो. तो म्हशीच्या यकृतात मुक्काम करतो आणि त्याची अंडी शेणातून बाहेर पडतात. शेण पाण्यात गेलं की अंड्यातलं पिल्लू तिथल्या एका बारीक गोगलगायीत शिरतं, वाढतं, बाहेर येऊन पाण्याकाठच्या गवताला चिकटतं. ते गवत म्हशीने खाल्लं की झालं, गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर. मावळात भाताची खाचरं, साचलेलं पाणी आणि म्हशी तिन्ही भरपूर, म्हणून सरांनी मला मावळ दिला. वाचनात आणि भटकंतीत पहिलं वर्ष गेल्यावर वलवणच्या धरणापलीकडची एक वाडी मी निवडली. तिथलं दूध लोणावळ्याच्या बंगल्यांना जाई, आणि वाडीतल्या म्हशी रोड होत चालल्यात अशी बंगलेवाल्यांचीच तक्रार होती.

काम असं: दर गुरुवारी वाडीतल्या प्रत्येक म्हशीचं ताजं शेण डबीत घ्यायचं, घरी आणायचं, पाण्यात कालवायचं, गाळायचं, खाली बसलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि अंडी मोजायची. वाडीत दुभत्या-भाकड धरून अडतीस म्हशी होत्या. मी तपकिरीच्या अडतीस रिकाम्या डब्या जमवल्या, वाडीत आळीपाळीने ठेवायला तितक्याच आणखी, आणि त्यांवर पांढऱ्या रंगाने आकडे घातले. गाळायला आईची चहाची गाळणी घेतली. हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यानंतर आमच्याकडे चहा फडक्याने गाळला जाई, आणि ते फडकं आई कमरेला खोचून ठेवी. मागच्या पडवीत गोगलगायी होत्या. गावातल्या काचेच्या कारखान्यातून टाकाऊ बरण्या आणून त्यांत मी त्या पाळल्या होत्या. बरण्यांना झाकणं नव्हती आणि गोगलगायींना प्रवासाची आवड होती. शेजारच्या काकू एकदा पापडाचं सूप घेऊनच आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या मुलाचं संशोधन आमच्या पापडांवर चढलंय." त्याच महिन्यात मला बघायला आलेले एक गृहस्थ पडवीत डोकावले आणि अर्धा चहा ठेवून निघून गेले.

पहिल्या गुरुवारी मी सूक्ष्मदर्शकच पाठीवर मारून वाडीत गेलो. लोकांना विश्वासात घ्यावं, अशी माझी कल्पना. मारुतीच्या पारावर मांडामांड केली. वाडीतले वडीलधारे एक आबा होते, त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. त्यांच्याच म्हशीचं शेण मी पहिलं तपासलं आणि त्यांना नळीला डोळा लावायला सांगितला. सोनेरी रंगाची, लांबट, टोपण असलेली अंडी. काचेवर नुसता बाजार भरला होता. मला फार आनंद झाला, पण प्रसंग ओळखून मी तोंड गंभीर केलं.

"हे काय हाय?" आबांनी विचारलं.

"किड्याची अंडी. तुमच्या म्हशीच्या काळजात किडे आहेत. फार वाईट रोग आहे."

आबा सरळ झाले. भोवती वाडी जमली होती, बायका होत्या, शेजारच्या वस्तीवरचे दोन पाहुणेही होते. मी एकामागून एक डबी तपासत गेलो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी "हिलाही आहेत, हिलाही आहेत" असं मोठ्याने सांगत गेलो. मला वाटत होतं मी विज्ञानाचा प्रसार करतोय. वास्तविक मी घरोघरची लक्तरं पारावर वाळत घालत होतो. एवढं करून निघताना मी हात जोडून म्हणालो, "दर गुरुवारी एवढं शेण मला द्या. याच्यावर माझी मोठी परीक्षा आहे. माझं पास-नापास तुमच्याच हातात आहे."

आबा म्हणाले, "आमच्या हातात हाय म्हनता, मंग काळजी सोडा भाऊ." मी काळजी सोडली आणि गाडी पकडली.

पुढच्या गुरुवारी दुपारी गेलो तर पारावर अडतीसच्या अडतीस डब्या ओळीने मांडून ठेवलेल्या, आकड्यांप्रमाणे. मला भरून आलं. आमच्या कॉलेजातले शिपाई इतकं काटेकोर काम करत नसत. घरी येऊन तपासलं तर एकाही डबीत एकही अंडं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी नाही, त्याच्याही पुढच्या नाही. सबंध पावसाळा गेला, मी भिजत गेलो, भिजत आलो, दर खेपेला अडतीस डब्या, आणि अंड्यांच्या रकान्यात अडतीस शून्यं.

आता इथे कोणाही शहाण्या माणसाने थांबून विचार केला असता. मी शहाणा नव्हतो, मी संशोधक होतो. पहिल्या आठवड्याचे आकडे बाकीच्यांशी जुळेनात, तेव्हा ते 'नवशिकेपणामुळे झालेली चूक' असं लिहून मी सरळ बाजूला ठेवले. रस्त्याने जाताना जबड्याखाली पाणी धरलेल्या, फासळ्या मोजून घ्याव्यात अशा म्हशी मला धडधडीत दिसत होत्या. त्यांना मी म्हाताऱ्या ठरवलं. एका गुरुवारी सगळ्या डब्यांत सरकीची टरफलं सापडली. वाडीने अडतीसच्या अडतीस म्हशींना एकाच दिवशी सरकी घातली होती! यावर मी वहीत काय लिहावं? 'मावळातील पशुखाद्यात आश्चर्यकारक एकसारखेपणा आढळतो.' ती वही माझ्याकडे अजून आहे. कधी फार गर्व झाला की मी ते पान काढून वाचतो.

तर असं होता होता माझा सिद्धांत तयार झाला: मावळी म्हशीला या कृमीविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती आहे. सर पुण्याला राहत. शिस्तीचे, तिरकस बोलणारे, चहा न पिणारे. त्यांच्याकडून कौतुक काढणं म्हणजे लोहगड एका पायावर चढणं. पण त्यांनी तक्ते पाहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "हे खरं असेल तर तुमची पीएच.डी. यातच आहे." मुंबईला शास्त्रज्ञांचं एक संमेलन भरणार होतं. तिथे मी निबंध वाचायचा असं ठरलं. त्याआधी सर स्वतः वाडी बघायला येणार होते. वडिलांनी ही बातमी तळेगाव स्टेशनवर तिकीट देणाऱ्या बाबूपासून सगळ्यांना सांगितली. दर गुरुवारी माझी पिशवी उघडून नाक दाबणारा तिकीट तपासनीसही त्या आठवड्यात मला 'डॉक्टर' म्हणाला.

सरांच्या भेटीआधीच्या गुरुवारी मी नेहमीची गाडी सोडून पहाटेची धरली. म्हटलं, गोठे जरा झाडून ठेवायला सांगावं. वाडीत पोहोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. पारावर डब्या नव्हत्या. घराघरांतून बायकाही दिसेनात. वाडीच्या वरच्या टोकाला एक म्हातारी मावशी राहायची. मूलबाळ मुंबईला गिरणीत, घरात ती आणि तिची एकुलती एक म्हैस. तिच्या गोठ्याकडून बोलण्याचा आवाज आला म्हणून मी चढून गेलो.

गोठ्याच्या दारात वाडीतल्या झाडून सगळ्या बायका दोन ओळींत बसल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात माझी डबी. समोर मावशीची म्हैस. काळी, तुकतुकीत, पाठ कशी पुसून काढल्यासारखी. सगळ्यांची नजर तिच्या मागच्या बाजूला लागलेली. आणि म्हैस काही केल्या शेण टाकेना.

"आज हिला झालंय काय?" एक जण म्हणाली.

"सांजच्याला वैरन कमी घातली व्हय गं मावशे?"

"कमी कशापायी घालीन? तुमी अशा टक लावून बसल्यावर कुनाला हुईल? जरा तिकडं तोंडं करा!"

आणि खरंच, त्या सगळ्या बायका शहाण्यासारख्या तोंडं फिरवून बसल्या. त्यामुळे त्यांना मी दिसलो.

काय झालं ते मला लगेच कळलं असं म्हणायला बरं वाटेल, पण कळलं नाही. मी विचारलं, "आजच का हिच्याकडे?" तेवढ्यात म्हशीने मनावर घेतलं, पो पडला, आणि इतक्या महिन्यांच्या सवयीने सगळ्या जणी एकदम पुढे सरकल्या. माझ्या डोळ्यांदेखत एकाच पोमधून अडतीस डब्या भरल्या गेल्या. मी तिथेच गवताच्या भाऱ्यावर बसलो.

आबांना बोलावणं गेलं. ते आले ते काही अपराधी चेहऱ्याने नाही. त्यांना उलट माझंच नवल वाटलं.

"तुमीच म्हनला न्हवं, पास-नापास आमच्या हातात हाय. पयल्या बारीला सगळ्यांच्यात किडं निगालं, तुमचं तोंड असं उतरलं. त्याच सांजंला आमी पारावर बसलो. म्हनलं, पोरगं तळेगावास्नं येतंय, ठेसनापास्नं चालतंय, पावसात भिजतंय, आन आपल्या म्हशींच्या पायी नापास हुनार. बरं न्हाई दिसत. मावशीच्या म्हशीत तेवढं कायबी न्हवतं. मंग ठरवलं, हितनं फुडं समद्यांनी तिचंच द्यायाचं."

"आबा, मला किडेच हवे होते!"

"किडं असल्यावर पास करत्यात?"

"होय."

"कसली ओ तुमची शाळा," आबा म्हणाले.

मला राग आला. माझा राग वाईट आहे. मी डब्या लाथेने उडवल्या, काहीबाही बोललो आणि उतरून चालू लागलो. वलवणच्या बंधाऱ्यापाशी आलो तेव्हा राग उतरला आणि त्या जागी दुसरंच काही आलं. सहा महिने ही माणसं कामाच्या दिवसांत, भाताच्या लावणीच्या दिवसांत, दर गुरुवारी उजाडता एका म्हशीच्या मागे बसत होती. माझ्यासाठी. मला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली. कारण हे फक्त वाडीला आणि मला माहीत होतं. सर येतील, वाडी तोंड उघडणार नाही, मी मुंबईला निबंध वाचीन, पदवी मिळेल. गप्प बसलं की झालं. कारकुनी टळत होती. खोटं कशाला सांगू, तळेगाव येईपर्यंत मी गप्प बसायचंच ठरवलं होतं.

घरी वडिलांनी अंगणात बसून माझ्या निबंधाची स्वच्छ प्रत काढायला घेतली होती. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. 'मावळी म्हशीची उपजत प्रतिकारशक्ती' या शब्दांखाली त्यांनी पट्टीने दोन रेघा मारल्या होत्या. त्या रेघा बघून मला रडू फुटलं. मी सगळं सांगून टाकलं. वडील लेखणी पुसत ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे तुमच्या सरांना सांगितलंस?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग उद्या पहिल्या गाडीने जा. आणि चपला धुऊन घालून जा, तशाच चिखलाच्या नको."

सरांनी दाराशीच ऐकून घेतलं. त्यांचा आवाज चढला नाही, तो खाली खाली जात राहिला, आणि ते जास्त वाईट होतं. पहिल्या आठवड्याचे आकडे मी चूक म्हणून बाजूला ठेवले होते, हे ऐकल्यावर त्यांनी फक्त "बाहेर" एवढंच म्हटलं. मी बाहेरच होतो. तरी आणखी दोन पायऱ्या उतरलो.

पंधरा दिवस मी घरी बसून मालधक्क्यावर कामाला लागायच्या गोष्टी करत होतो. आईने तर मला नवीन सदरा शिवून घेतला. मग सरांचं कार्ड आलं: उद्या आठ वाजता या. वह्या घेऊन या.

सरांनी बसायला सांगितलं नाही. "ती म्हैस काय खाते?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, सर."

"सहा महिने जिच्या शेणात तुम्ही डोकं घालून बसलात, तिचं खाणं तुम्हाला माहीत नाही?"

"सरकी... एकदा."

"अहो, सदतीस म्हशी सडतायत, त्याच वाडीत एक भर पावसाळ्यात कोरडी ठणठणीत राहते, तिच्या दर आठवड्याच्या अडतीस-अडतीस तपासण्या तुमच्या वहीत आहेत. एवढी तपासलेली म्हैस सबंध हिंदुस्थानात नसेल. आणि तुम्ही रडत बसलात?" मग त्यांनी खुर्ची पुढे ढकलली. "बसा. शिष्यवृत्ती आणखी एक वर्ष वाढवून मागतो. मिळेल असं नाही."

ती मिळाली. वडिलांनीही मुदत वाढवली. "वकिली काही पळून जात नाही," असं ते म्हणाले, म्हणजे आशा त्यांनीही सोडली नव्हती.

मी वाडीवर गेलो आणि पारावर उभं राहून सगळ्यांची माफी मागितली. मग मावशीकडे चढलो. तिचं उत्तर अगदी साधं होतं. गुडघे धरल्यामुळे तिला खाली खाचरांकडे किंवा धरणाच्या पाण्याकडे उतरवत नव्हतं. म्हणून म्हैसही कधी उतरली नव्हती. वरच्या उतारावरचं कापलेलं वाळकं गवत आणि आडाचं शेंदलेलं पाणी, इतकंच म्हशीचं रोजचं खाणंपिणं. पाण्याकाठचं हिरवं गवत तिच्या तोंडात गेलेलंच नव्हतं. मी ते ऐकलं आणि म्हशीच्याच पाया पडलो. मावशी म्हणाली, "असूं द्या, असूं द्या, पर कासंला हात लावू नका, बुजल."

आता उरलेल्या सदतीस म्हशींचं खरं शेण हवं होतं. वाडीला एकदा कळलं की किडे निघाले तर पोरगं पास होतं, आणि मग त्यांना आवरणं कठीण झालं. ज्यांनी महिनोन्‌महिने आपली म्हैस झाकली होती ते रस्त्यात अडवून म्हणू लागले, "आमचीचं बगा आदी, लय किडं हायेत, शेजारणीच्यात काय दम न्हाई." एकाने तर डोंगरापलीकडे बहिणीच्या गावाहून शेण आणून आपल्या डबीत भरलं, कारण तिकडचं जास्त वाईट असल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. शेवटी मी डब्या परत घेतल्या. एक वर्ष मी स्वतः म्हशींच्या मागे उभा राहिलो. तीन म्हशींच्या मालकांना सांगून त्यांना पाण्याकडे पाठवणं बंद केलं, वाळकं गवत सुरू केलं आणि त्यांचं काय होतं ते पाहिलं. आधी आत बसलेले किडे बसलेलेच राहिले, पण त्याच घरांतल्या दोन लहान पारड्या, ज्या कधी खाचरात उतरल्या नव्हत्या, त्या वर्षअखेरपर्यंत स्वच्छ राहिल्या. त्या दोन पारड्यांवर माझा प्रबंध उभा राहिला. त्यांच्यावर आणि मावशीच्या म्हशीवर.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं की पहिल्या सहा महिन्यांत एकाच जनावराच्या इतक्या तपासण्या करण्याची कल्पना कशी सुचली. सर खिडकीबाहेर बघू लागले. मी म्हणालो, "मला नाही सुचली, ती वाडीला सुचली." आणि सगळं सांगितलं. परीक्षक इतके हसले की पुढचे प्रश्न राहूनच गेले.

एम.एस्सी.चा निकाल लागल्यावर मी पेढे घेऊन वाडीवर गेलो. आबांनी पेढा कपाळाला लावून खाल्ला आणि म्हणाले, "किडं कामाला आलं म्हनायचं." मग मी मावशीकडे चढलो. ती गोठ्यातच होती. मी पुडा पुढे केला.

"पास झाला जनू?"

"झालो, मावशी."

तिने एक पेढा उचलला, अर्धा मोडला आणि मला द्यायच्या ऐवजी वळून म्हशीच्या तोंडात घातला. "पेपर हिनं लिवला," ती म्हशीची मान खाजवत म्हणाली, "तुमी नुसता तपासला." मग हाताला चिकटलेला उरलेला अर्धा तिने माझ्यापुढे धरला, आणि मी तो खाल्ला.